यंत्राच्या पाठीवरची पाटी

कापसातली ओल मोजणारं ते यंत्र आमच्या केंद्रावर आलं त्या दिवशी नारळ केंद्रप्रमुखांनी फोडला आणि झेंडूचा हार मी घातला. हार आणायला मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपणहून सकाळी बाजारात जाऊन तो आणला होता. ते आठवलं की आजही मला स्वतःचीच शिसारी येते.

साल सत्तरच्या पुढचं. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे अकोल्यातच मोडत होतो. सरकार शेतकऱ्यांचा कापूस स्वतः खरेदी करायला लागून दोनतीन हंगाम झाले होते आणि ठिकठिकाणच्या जिनिंगच्या आवारांत खरेदी केंद्रं उघडली होती. तशा एका केंद्रावर मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. केंद्र कोणतं आणि कचेरी कोणती हे मी लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं आता नाहीत, आणि ज्याच्याबद्दल मला सांगायचं आहे त्याला त्या नावांचा आता काही उपयोग नाही.

मी किन्हीराजाकडच्या एका खेड्यातला. आमचं घर दीक्षा घेतलेलं. आईबाप दोघंही दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जात. माझ्याआधी घरात कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी सरकारी वसतिगृहात राहिलो, सरकारी शिष्यवृत्तीवर बी.ए. झालो आणि सरकारच्याच कामाला लागलो. नेमणुकीचा कागद आला तेव्हा आईने तो उलटासुलटा करून पाहिला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सरकारनं तुले शिकवलं, सरकारनंच कामाले लावलं. आता त्याच्या घरचं काम आपल्या घरच्यावानी कर." मी ते अक्षरशः मानलं. कचेरीतल्या टाचण्या खाली पडल्या तर मी वेचून डबीत ठेवत असे.

केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर केनवडचा होता. पन्नाशी उलटलेला, उंच, जरा वाकलेला, डोक्यावर मळकी टोपी. सरकारी खरेदीच्या आधी तीसेक वर्षं तो खाजगी व्यापाऱ्यांकडे हेच काम करत होता. कापसाची बैलबंडी समोर आली की तो बाही वर सारून कोपरापर्यंत हात कापसात घालायचा. वरचा कापूस तो पाहतच नसे. "वरचा कापूस पाहुण्यासाठी असते," असं म्हणायचा. खालचा मूठभर कापूस काढायचा, बोटांनी रुई ताणून पाहायचा आणि त्यातली एक सरकी दाढेखाली धरायचा. सरकी वाळलेली असली की कट् करून फुटते. ओली असली की आवाज करत नाही, नुसती चेंदून जाते. एवढ्यावर तो प्रत सांगायचा, आणि बंडीवाला भांडखोर असला तरी त्याच्या शब्दापुढे फार ताणत नसे. संध्याकाळपर्यंत त्याच्या ओठांच्या कडांना सरकीच्या टरफलांची काळी बारीक पूड चिकटलेली असे.

मला तो 'बीए' म्हणायचा. "काहो बीए, आज किती कागद खाल्ले?" ही त्याची सकाळची सलामी. आवाराच्या फाटकाशी चहाची टपरी होती. तिथे माझा कप वेगळा होता, तो खिडकीच्या फळीवर उपडा ठेवलेला असे. मला त्याची सवय होती. मी रुजू झालो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ग्रेडरने फळीवरचा तो कप उचलला, त्यात स्वतः चहा घेतला आणि पिऊन झाल्यावर बाकीच्या कपांत विसळायला टाकला. टपरीवाला पाहत राहिला. ग्रेडर म्हणाला, "पाह्यतं काय? कप हाय तो. उद्यापासून ह्याच्यात मीच पेत जाईन, मंग करत बस हिशेब कोनाचा कोनता." त्यानंतर कप मिसळून गेले. त्याने यावर पुन्हा कधी एक शब्द काढला नाही आणि मीही काढला नाही.

तर असं हे माणूस, आणि त्याच्या कामाच्या जागी हे यंत्र आलं.

हिरव्या रंगाची पेटी, वर काच, काचेखाली एक काटा. एका बाजूला पितळी पेला होता. त्यात कापूस दाबून भरायचा आणि बटण दाबायचं. ओल जितकी जास्त तितका काटा पुढे जायचा. दुसरं एक तपासणीचं बटण होतं. ते दाबलं की काटा बरोबर लाल रेघेवर यायला हवा. आला तर यंत्र ठीक, नाही आला तर आतले सेल उतरले. मुंबईच्या एका कंपनीने अशी यंत्रं सगळ्या केंद्रांना पुरवली होती. पुरवठा आणि देखभाल दोन्हींचा करार कंपनीकडे होता आणि त्या कराराची टंकलिखित प्रत माझ्या ताब्यात होती. मी ती तीन वेळा वाचली. न कळलेल्या इंग्रजी शब्दांसाठी कॉलेजच्या ग्रंथालयातल्या शब्दकोशाकडे गेलो.

यंत्राचं एक रजिस्टर होतं, ते माझ्याकडे. रोज सकाळी यंत्राचा नंबर लिहायचा, तपासणीचं बटण दाबून 'ठीक' किंवा 'नादुरुस्त' लिहायचं, मग दिवसभराचे काट्याचे आकडे. नंबर यंत्राच्या पाठीमागे पितळी पाटीवर कोरलेला होता आणि पाठ भिंतीकडे होती. म्हणजे रोज टेबलाच्या बाजूला वाकून, भिंतीला गाल लावून तो वाचावा लागे. आठ दिवसांत मला तो पाठ झाला. शेवटचे दोन आकडे सतरा. तरी मी रोज वाकून, वाचूनच लिहायचो.

ग्रेडर म्हणायचा, "अबे बीए, त्या पेटीचं नाव रातीतून बदलते का? रोज काहून विचारतं तिले?"

"नियम आहे, काका."

"नियम हाय तर वाक बापा. तुही कंबर नवी हाय."

पहिला महिनाभर यंत्र नीट चाललं. ग्रेडरचे दात आणि यंत्राचा काटा यांचं बहुतेक जमत होतं, आणि त्याला त्याचं कौतुकही होतं. "चाला, माह्या दाढा वाचल्या," असं तो म्हणाला होता. मग एका सकाळी मी तपासणीचं बटण दाबलं तर काटा लाल रेघेच्या अलीकडेच थांबला. पुन्हा दाबलं, तिथेच. मी नियमाप्रमाणे 'नादुरुस्त' लिहिलं.

केंद्रप्रमुख निवृत्तीला टेकलेले गृहस्थ होते. वाईट नव्हते. त्यांना फक्त वरून काही येऊ नये एवढंच वाटायचं. त्यांनी रजिस्टर पाहिलं आणि मला आत बोलावलं.

"नादुरुस्त लिहिलंस, म्हणजे खरेदी बंद ठेवायची का? बाहेर बंड्यांची रांग पाहिलीस?"

"सेल बदलले की होईल साहेब."

"मग सेल मागव कंपनीकडून. पत्र लिही. तोपर्यंत 'ठीक' लिही. ठीक होणारच आहे ना ते?"

मी पत्र लिहिलं आणि 'ठीक' लिहिलं. उत्तर आलं नाही. मी दुसरं पत्र लिहिलं, आणि रोज सकाळी 'ठीक' लिहीत राहिलो. काटा रोज थोडा थोडा मागे येत होता.

आता या यंत्रात लागणारे सेल म्हणजे काही अद्भुत वस्तू नव्हती. टॉर्चचे साधे मोठे सेल. आवारासमोरच्या दुकानात मिळत होते. ग्रेडरला हे कळलं तेव्हा त्याने दुसऱ्या दिवशी घरची टॉर्च आणली, तिचं बूड फिरवलं आणि तीन सेल माझ्या टेबलावर ठेवले.

"घे. टाक त्याच्यात."

मी कराराची प्रत काढली. त्यात कलम होतं की यंत्र फक्त कंपनीचा अधिकृत माणूसच उघडेल, आणि केंद्रावरील कर्मचाऱ्याने त्यात कोणताही भाग घातल्यास पुढची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही. मी त्याला ते कलम मराठीत समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता.

"म्हंजे ते उघडाचं नाई?"

"नाही काका. करार मोडतो."

"अन् ते खोटं बोलून राह्यलं, ते चालते?"

"पत्र पाठवलंय मी."

"पत्रानं काटा हालते का रे बावा?" त्याने सेल एकेक करून पुन्हा टॉर्चमध्ये भरले. "तू लय शिकला गड्या. एवढं नोको होतं शिकाले."

हमाल हसले. मीही हसलो. आपण नियमाने वागलो याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं. तीन सेलांचं काम होतं आणि मी कलम वाचून दाखवलं. हे मला जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा अंगावरून पाल गेल्यासारखं होतं.

याच सुमारास वरून परिपत्रक आलं. ग्रेडरचं मत आणि यंत्राचा आकडा यांत फरक पडल्यास यंत्राचा आकडा ग्राह्य धरावा. व्यक्तीच्या अंदाजाला यापुढे स्थान नाही. परिपत्रक मी फलकावर चिकटवलं आणि ग्रेडरला वाचून दाखवलं. त्याने रजिस्टर मागितलं, बोट ठेवून रकाने पाहिले. त्याला सहीपुरतं आणि थोडं वाचण्यापुरतं येत होतं.

"मंग माह्या दाताचं कुठी लिहू?"

मी पाहिलं. नंबर, वेळ, बंडीवाल्याचं गाव, काट्याचा आकडा, यंत्राबाबत शेरा, ग्रेडरची सही.

"रकाना नाही, काका."

"सही तं माही हाय नं खाली?"

"हो, सही लागते."

"वा," तो म्हणाला. "बोलन पेटी, अन् अंगठा कापन माहा."

त्या वेळी मी म्हणू शकलो असतो की शेऱ्याच्या रकान्यात लिहा, 'सरकी ओली'. पण रकान्यावर 'यंत्राबाबत' असं छापलेलं होतं आणि छापलेल्याच्या बाहेर लिहायची मला भीती वाटायची. छापलेल्या कागदांनी मला खेड्यातून बाहेर काढलं होतं.

बाजाराला काय चाललंय ते कळायला आठवडा लागला नाही. कापसावर पाणी मारून वजन वाढवणं ही काही नवी कला नव्हती. पण आधी ग्रेडरच्या हाताची भीती होती. आता पेटी सगळ्यालाच कोरडं म्हणत होती. लहान शेतकरी आपला वाळलेला कापूस घेऊन दोन दोन दिवस रांगेत, आणि शेलूबाजारच्या रस्त्याने दलालांच्या ज्या बंड्या येत त्यांच्या तळातून अक्षरशः पाणी ठिबकायचं. एकदा तर बंडीखालची माती भिजून चिखल झाला. मागच्या बंडीवरचा धुरकरी ओरडला, "अरे लेकहो, कापूस आनला का मासे?"

पुढच्याने मागे वळून सांगितलं, "पेटीले इचार! पेटी म्हन्ते वाळवंट हाय!"

सगळी रांग हसली. ग्रेडरने हात घातला, सरकी चावली, थुंकला. मी काटा पाहिला आणि आकडा लिहिला. कोरडा. त्याने सही केली. सही करताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

एका रविवारी मी घरी गेलो तेव्हा आईला हे सांगितलं. आई वर्षानुवर्षं कापूस वेचणारी. ती म्हणाली, "दहिवराचा कापूस असला तं बोटालेच सांगते. एवढ्या मोठ्या पेटीले समजत नाई?"

"सेल संपलेत तिचे."

"मंग ते मेलेलंच हाय की. मेलेल्याचं कायले ऐकता तुमी?"

मी तिला करार समजावून सांगायच्या भरीस पडलो नाही.

पौषात गंजी तापली. आवारात कापसाचा मोठा ढीग होता, घराएवढा. एका सकाळी त्याच्या मधून वाफ निघताना दिसली. हमालाने हात खुपसला आणि ओरडून बाहेर काढला. आत भाकरीच्या तव्यासारखं गरम. ढीग फोडला तर आंबूस वास आला आणि मधला सगळा कापूस पिवळा पडून गोळा झालेला. आग लागली नाही हे नशीब. आवारभर तो वास पसरला. ओल्या गोणपाटावर मांजर मुतावं तसा. कपडे धुतले तरी दोन दिवस तो वास माझ्या नाकात राहिला.

मग वरपर्यंत हललं. पहिली चौकशी ग्रेडरवर लागली, कारण प्रत्येक ओळीखाली सही त्याची होती. तो हंगामी होता. त्या हंगामानंतर त्याला कायम करायचा प्रस्ताव गेलेला होता. आता त्याऐवजी त्याने दलालांशी संगनमत करून ओला कापूस घेतला असा ठपका आला. सिद्ध झालं तर नोकरी जाणार आणि कोणत्याही जिनिंगच्या दारात त्याला कोणी उभं करणार नाही. तीस वर्षं त्याचा शब्द हीच त्याची कमाई होती. त्याचा बचाव एकच होता, की यंत्र खोटं बोलत होतं. आणि तो बचाव खरा की खोटा हे ठरवायला मुंबईहून तपासणी पथक येणार होतं. कंपनीने कराराप्रमाणे यंत्रं चालू ठेवली आहेत की नाहीत, हे सगळ्या केंद्रांवर फिरून पाहणारं सरकारचं पथक.

मला खरोखर आनंद झाला. मी ग्रेडरला म्हणालो, "काका, आता घाबरू नका. सरकार स्वतः पाहायला येतंय."

"पाह्यले येते," तो म्हणाला. "दिसलं पायजे पन."

पथक येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी कंपनीचा माणूस जीपमधून आला. चार महिने एकाही पत्राचं उत्तर न देणारा. टेरिलीनचा शर्ट, हातात कातडी बॅग. तो केंद्रप्रमुखांच्या खोलीत चहा प्यायला. आम्हाला जेवायच्या सुट्टीवर पाठवलं गेलं. परत आलो तेव्हा जीप निघून गेली होती. पेटी तिथेच होती, तशीच हिरवी. केंद्रप्रमुख म्हणाले, "सर्व्हिसिंग करून गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे तपासणीचं बटण दाबलं. काटा सपकन लाल रेघेवर जाऊन उभा राहिला. मग नेहमीप्रमाणे मी वाकलो, भिंतीला गाल लावला आणि पाटी वाचली. शेवटचे दोन आकडे बेचाळीस होते. मी पुन्हा वाचली. बेचाळीस. यंत्र दुसरंच होतं.

मी रजिस्टरमध्ये जे वाचलं ते लिहिलं. तेवढं मात्र मी खरं लिहिलं. वरती पानभर सतरा आणि सगळ्यात खाली बेचाळीस. ग्रेडर आला तेव्हा मी त्याला ती ओळ दाखवली. त्याने आकड्यावर बोट ठेवलं, मग दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला. "रोज वाकला म्हून सापडलं रे," तो म्हणाला. "मी उगाच हसत होतो तुले."

पथकात तिघे होते. त्यांतले दोघं कागद सांभाळत होते आणि बोलणारा एकच होता, पथकाचा प्रमुख. गोरा, नीटनेटका, बुटांवर आवाराची धूळ बसली की रुमालाने झटकणारा. त्याने बटण दाबलं, काटा रेघेवर आला, त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "तो दातांनी ओल सांगणारा इसम कोण?"

ग्रेडर पुढे झाला.

त्याच्यासमोर वेगवेगळ्या बंड्यांतला कापूस आणून ठेवला. तो सरकी चावायचा, सांगायचा, ओला, कोरडा, दहिवराचा, कोरडा. त्यानंतर तोच कापूस पेल्यात घालून बटण दाबायचे. एकदाही चूक झाली नाही. नव्या यंत्राचा काटा आणि म्हाताऱ्याची दाढ एकच सांगत होती. पथकातले दोघं हसत होते, गारुड्याचा खेळ पाहावा तसे. मला वाटलं, सुटला. आता सगळं उघड झालं.

प्रमुखाने रुमालाने बोटं पुसली. "म्हणजे यांना तोंडात टाकताच ओल कळते. मग एवढा ओला कापूस गंजीत गेला तो कोणाच्या सांगण्यावरून?"

"पेटीच्या," ग्रेडर म्हणाला. "परिपत्रकात लिवलं हाय साहेब. पेटीचं खरं मानाचं."

"पेटी बरोबर सांगते. आत्ता सगळ्यांनी पाहिलं."

"हे ते पेटी नाई साहेब. हे काल आनली."

"काहीही बोलतो," केंद्रप्रमुख घाईने म्हणाले.

"फिरवून पाहा नं. मागं नंबर हाय."

प्रमुख म्हणाला, "नाजूक यंत्र आहे. उगाच हलवू नका." आणि त्याने रजिस्टर ओढलं. पानावरून बोट खाली आणलं. सतरा, सतरा, सतरा. शेवटच्या ओळीवर ते थांबलं. त्याला दिसलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि त्याला दिसलं हे मी शपथेवर सांगतो. यंत्राची पाठ त्याच्यापासून दीड हातावर होती. त्याला एकदा वाकायचं होतं, बस. पण त्याच्या हातात सगळ्या केंद्रांचा तयार अहवाल होता आणि त्यात बहुधा हा प्रश्न कुठे बसत नव्हता.

"हे रजिस्टर कोण लिहितं?"

"मी, साहेब."

"शिक्षण?"

"बी.ए."

"छान. नवीन आहात?"

"परिविक्षेवर आहे," केंद्रप्रमुख म्हणाले. "चांगला मुलगा आहे. गरिबीतून वर आलाय."

प्रमुखाने खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि माझ्यापुढे धरलं. आवाज अगदी मऊ होता. "आज गडबडीत नंबर उतरवताना चूक झालेली दिसते. दुरुस्त करून सही करा."

खोलीत माणसं बरीच होती, पण मला फक्त ग्रेडरच्या जबड्याची हालचाल दिसत होती. शेवटची सरकी अजून त्याच्या तोंडात होती. तो माझ्याकडे अगदी निर्धास्त पाहत होता. पोराला उत्तर येतं हे माहीत असलेल्या बापाने शाळेत पाहावं तसा.

मी तेव्हा काय विचार केला हे मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. नोकरी जाईल ही भीती होती, ती लपवत नाही. पण तेवढंच नव्हतं. ज्या सरकारने मला जेवू घातलं, वही-पुस्तक दिलं, त्याचा एवढा मोठा माणूस माझ्यापुढे पेन धरून उभा आहे आणि मी त्याला खोटं पाडायचं, हे मला कृतघ्नपणाचं वाटलं. मला वाटलं, मोठी माणसं आहेत, यांना जास्त कळत असेल. माझी कृतज्ञता इतक्या घाण कामाला येऊ शकते हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी बेचाळीसवर आडवी रेघ मारली. वर सतरा लिहिलं. बाजूला सही केली. अक्षर सुरेख आलं होतं.

"चला," प्रमुख म्हणाला. "जेवायचं काय केलंय?"

जेवण केंद्रप्रमुखांनी घरून मागवलं होतं. पुऱ्या, श्रीखंड, वांग्याची भाजी. मलाही ताट वाढलं होतं आणि मी पंक्तीला बसलो. आमच्या माणसाला त्या पंक्तीत बसवलं याचं केंद्रप्रमुखांना कौतुक वाटत होतं, हेही मला दिसत होतं.

बाहेर आलो तेव्हा ग्रेडर आपली टोपी झटकत फाटकाशी उभा होता. मी "काका" एवढंच म्हणालो.

त्याने तोंडातलं टरफल बाजूला थुंकलं आणि हात जोडले. टिंगलीचे नव्हेत, नीट जोडले, कचेरीत साहेबाला जोडतात तसे.

"येतो साहेब," तो म्हणाला.

मला त्याने पहिल्यांदा साहेब म्हटलं. नंतर कधी म्हणायची वेळ आली नाही. आठवड्याने त्याला कामावरून कमी करायचा हुकूम वरून आला. त्याच्या नावाचं पत्र टंकायचं काम माझ्याकडेच होतं. त्यानंतर एकदा मी केनवडच्या बाजारापर्यंत गेलो होतो, त्याचं घर विचारलं, कोणीतरी बोटाने दाखवलं, आणि मी तसाच परत फिरलो. तो कोणाच्या तरी वावरात राखणीला जातो असं ऐकलं.

पथक गेलं त्याच दिवशी संध्याकाळी कंपनीची जीप पुन्हा आली. बेचाळीस नंबरची पेटी दुसऱ्या केंद्रावर जायची होती, तिथेही तपासणी होती. दुसऱ्या सकाळी मी भिंतीला गाल लावून पाटी वाचली. सतरा. तपासणीचं बटण दाबलं. काटा जरासा हलला आणि थांबला. फाटकापासून रस्त्यापर्यंत बंड्या लागल्या होत्या आणि ग्रेडर कामावर आला नव्हता. केंद्रप्रमुख म्हणाले, "आज तूच कर. आता काय, पेटीच सगळं सांगते."

मी पहिल्या बंडीशी गेलो. बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात घातला. आत गार होतं. मूठभर कापूस बाहेर काढला, रुई सोलून एक सरकी दाढेखाली धरली. आवाज झाला नाही. कडवट, तेलकट, कच्चं काहीतरी जिभेवर पसरलं. बंडीवाला माझ्या तोंडाकडे पाहत होता.

मी थुंकलो, टेबलाशी परत आलो, पेल्यात कापूस दाबून बटण दाबलं, आणि काट्याने दाखवला तो आकडा लिहिला. मग ग्रेडरच्या सहीच्या रकान्यात, जागा रिकामी होती म्हणून, मी माझी सही केली.